पायाळू मुलगी आणि परतीचा पाऊस : पाचवीच्या वर्गातील एक प्रकरण अभ्यास

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेला, गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वस्तीत मी एका मराठी शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवते. गेल्या शैक्षणिक वर्षात पाऊस, वीज आणि वादळ हा विषय वर्गात वर्षभर चालू राहिला आणि त्यातील एका मुलीच्या निमित्ताने माझ्या शिकवण्यातील काही चुका माझ्याच लक्षात आल्या. मुलीची किंवा तिच्या घरच्यांची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत आणि पुढे तिचा उल्लेख 'ती' असाच केला आहे.

सुरुवातीची समजूत

ऑगस्टमध्ये मी वर्गातील 41 मुलांना कोरा कागद देऊन 'वादळ' या विषयावर चित्र काढायला सांगितले. बहुतेकांनी पूर काढला. कुणी होडी काढली, कुणी माडीवर चढून बसलेली माणसे काढली, तर एकाने दुकानाची पाटी तेवढी पाण्याबाहेर ठेवली. 2019 च्या ऑगस्टमध्ये ही मुले पाचेक वर्षांची होती आणि 2021 च्या जुलैमध्ये सातेक वर्षांची. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली होती, त्यामुळे त्यांच्या लेखी वादळ आणि पूर यांत फरक नव्हता. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे आकडे मात्र वर्गातील कच्च्यातल्या कच्च्या मुलालाही पाढ्यासारखे पाठ होते, कारण पावसाळ्यात घरोघरी फोनवर तेच आकडे फिरत असतात आणि जेवतानाही त्यांचीच चर्चा चालते. विजेबद्दल असा एकही आकडा त्यांच्याजवळ नव्हता.

पुराचा पाऊस वेगळा आणि विजेचा पाऊस वेगळा, ही गोष्ट कोल्हापूरच्या मुलांना आधी सांगावी लागते असे माझे मत आहे. जुलै-ऑगस्टमधील पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यांचा असतो. सह्याद्रीला अडून तो गगनबावडा, राधानगरीकडे दिवसचे दिवस झडीसारखा पडतो आणि ते पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांतून पंचगंगेत येते. या पावसात गडगडाट फारसा होत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील वळीव आणि सप्टेंबरअखेरीपासूनचा परतीचा पाऊस यांची जात निराळी आहे. सकाळपासून जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारपर्यंत 12 ते 15 किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्या उंचीवर गोठणबिंदूच्या बऱ्याच खालचे तापमान असते. तेथे बर्फाचे हलके कण आणि जड, गारेसारखे कण एकमेकांवर आपटत राहतात. हलके कण धन प्रभार घेऊन वर जातात, जड कण ऋण प्रभार घेऊन खाली राहतात आणि ही तफावत हवेला सोसेनाशी झाली की वीज कडाडते.

तिच्या चित्रात यातले काहीच नव्हते. तिने एक घर काढले होते, दार बंद केले होते आणि छप्पर काळे करून टाकले होते. तिचे घर पूरपट्ट्यात नाही, उंचावर आहे, हे मला माहीत होते. तरीही मी त्या कागदाच्या मागे 'पुराची भीती?' असे लिहून ठेवले. ही माझी पहिली चूक.

व्हरांड्यातील मोकळी जागा

सप्टेंबर संपता संपता परतीचा पाऊस सुरू झाला. आभाळ भरून आले की तिच्या पोटात दुखू लागे, ती घरी जाण्याची परवानगी मागे आणि ती मिळाली नाही तर बाकावर डोके टेकून बसून राही. मी विजेवर एक धडा तयार केला. झाडावर वीज पडतानाचे चित्रीकरण दाखवले. विजेच्या मार्गातील हवा एका क्षणात सुमारे 30,000 अंश सेल्सियसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट, आणि ती हवा एकदम फुगल्यामुळे गडगडाट होतो, हे समजावून सांगितले. वर्गाला धडा आवडला. तिने चित्रीकरण सुरू होताच डोळे मिटून घेतले होते. शेवटी मी सर्वांना 'घाबरायचे कारण नाही' असे सांगितले. 30,000 अंशांची गोष्ट सांगून झाल्यावर हे वाक्य किती पोकळ वाटले असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

त्यानंतर आठवड्याभराने मधल्या सुट्टीत पाऊस आला. मैदानावरची मुले मी व्हरांड्यात घेतली. व्हरांडा लांबट आहे, एका बाजूने उघडा आणि लोखंडी पाइपांचा कठडा असलेला. मुले एका टोकाला दाटीवाटीने उभी होती आणि दुसऱ्या टोकाला ती एकटीच होती. मध्ये सहा-सात पावले फरशी मोकळी होती. असे दृश्य मी त्याआधीही दोनदा पाहिले होते आणि भेदरलेल्या मुलीला एकटे राहावेसे वाटत असेल, असा अर्थ लावला होता. या वेळी मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, तेव्हा मागून एका मुलीने काळजीच्या सुरात सांगितले, "बाई, तिच्याशेजारी उभारू नका. ती पायाळू हाय. ईज पडंल."

जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेले मूल म्हणजे पायाळू, हे मराठी वाचकांना सांगायला नको. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूतही सर्वांच्या कानावरून गेलेली असते. मीदेखील ती लहानपणी ऐकली होती; फक्त माझ्या वर्गात कुणी हे ओझे घेऊन रोज येत असेल, असे कधी मनात आले नव्हते. मी शिकवत होते तो 'वीज कशी तयार होते' या प्रश्नाचा पाठ होता. तिचा प्रश्न 'माझ्यावर केव्हा पडणार' हा होता आणि तो मला कुणी विचारलाही नव्हता.

आता मागे वळून पाहताना दुसरीही गोष्ट टोचते. गडगडाट चालू असताना उघड्या व्हरांड्यात, लोखंडी कठड्याला टेकून मुलांना उभे करणे हेच मुळात चूक होते. त्या दुपारी धोका कुणाला असलाच, तर तो 41 मुलांना आणि मला सारखाच होता.

वर्गातील चर्चा

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईच्या संमतीने आणि तिला आधी विचारून हा विषय वर्गात काढला. संमती घेण्याचे कारण असे की पायाळूपणाची बाजू केवळ भीतीची नव्हती. गल्लीत कुणाच्या कमरेत चमक भरली की ते तिच्याकडे येत, पालथे पडत आणि ती पाठीवर हलकेच पाय देई. त्याबद्दल तिला कधी केळी मिळत, कधी दहा रुपये. गल्लीतला हा मान तिला हवा होता. 'पायाळू वगैरे काही नसते' असे मी एका वाक्यात सांगून टाकले असते, तर भीतीबरोबर तो मानही गेला असता आणि तिने भीतीच जवळ ठेवणे पसंत केले असते, अशी माझी अटकळ आहे.

मी मुलांना सांगितले की पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळांपैकी साधारण तीन-चार बाळे जन्माच्या वेळी पोटात उलटी, म्हणजे पाय किंवा ढुंगण खाली असलेली असतात. ढगातून खाली येणारी वीज जमिनीपासून पन्नासेक मीटर अंतरावर येईपर्यंत कुठे पडायचे हे ठरलेले नसते. त्या शेवटच्या टप्प्यात उंच, सुटी आणि टोकदार वस्तू तिला आधी गाठते. दहा वर्षांपूर्वी कुणाचे पाय आधी आले, याची खूण त्या माणसाच्या अंगात विजेला सापडेल अशी कुठेच उरलेली नसते. मुलांनी हे शांतपणे ऐकले, आणि त्यांना ते पटले नाही हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "बाई, माझं तर सिझर झालंय. डोकं बी न्हाई, पाय बी न्हाई. मग माझ्यावर ईज कुठनं पडायची?"

वर्ग हसला, तीही हसली. त्यानंतर आपापल्या सिझरच्या गोष्टी सांगण्यासाठी इतके हात वर झाले की तास संपला. माझ्या दोन धड्यांनी न झालेले काम त्या प्रश्नाने केले, हे मान्य करायला मला अवघड वाटत नाही. मात्र त्यामुळे समजूत गेली असे नव्हे, ती फक्त विनोदाची झाली. व्हरांड्यातील मोकळी जागा त्यानंतर दिसली नाही, कारण आम्ही व्हरांड्यात उभे राहणेच बंद केले.

अंतर मोजणे

त्याच आठवड्यात मी मुलांना विजेसाठी पहिला आकडा दिला. वीज दिसते ती जवळजवळ घडते त्याच क्षणी. आवाज मात्र सेकंदाला सुमारे 340 मीटर या वेगाने येतो, म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. भागाकार मुलांना जमतो. सेकंद जमत नाही, कारण घाबरलेले मूल भरभर मोजते. प्रत्येक आकड्यामागे एखादा लांब शब्द जोडा, असे सुचवल्यावर मुलांनी स्वतःच 'एक चांगभलं, दोन चांगभलं' असे सुरू केले. घड्याळाच्या सेकंदकाट्याशी ताडून पाहिले तेव्हा साठ चांगभलांना साठाच्या आसपासच सेकंद लागले. 

शाळेच्या गच्चीवरून वायव्येला जोतिबाचा डोंगर दिसतो. शहरापासून तो सरळ रेषेत साधारण 12 ते 13 किलोमीटर आहे. तेव्हा डोंगरावर चमकलेल्या विजेचा आवाज 36 ते 39 चांगभलांनी यायला हवा. पन्हाळ्याच्याही पलीकडे चमकले तर बहुधा आवाज येतच नाही, कारण गडगडाट सुमारे 15 किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो. 'नुसती चमकते, गाजत नाही' असे घरी म्हणतात त्या विजेचे हेच कारण आहे, हे एका मुलाने आजोबांना जाऊन समजावले आणि आजोबांनी ते मानले, असे त्याने अभिमानाने सांगितले. नियम असा ठरला की मोजणी 30 च्या आत आली, म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत आली, की खेळ बंद करायचा, पक्क्या खोलीत यायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडायचे नाही. 39 आणि 43 या आकड्यांच्या शेजारी मुलांनी 30 हा आकडा भिंतीवर लिहिला.

आजींची भेट

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. घर सिमेंटचे, मागे पत्र्याचा गोठा, त्यापलीकडे ऊस आणि बांधावर एक मोठे चिंचेचे झाड, जिथे दिवसा म्हशी बांधलेल्या असतात. आजींनी चहा ठेवला आणि मी विषय काढण्याआधीच म्हणाल्या, "पायाळू पोराला वळवात भाईर सोडायचं नसतंय, बाई. माझ्या आईनं सांगितलेलं हाय."

मी म्हणाले, "बरोबर आहे, आजी. सोडू नका."

आजींना हे अपेक्षित नव्हते. बहुधा मी वाद घालायला आले आहे असे त्यांना वाटले होते. मग मी विचारले की आभाळ आल्यावर म्हशी सोडून आणायला कोण जाते. तिचा आठवीतला भाऊ जातो, असे उत्तर आले. तो का जातो, तर तो पायाळू नाही म्हणून. या समजुतीचे खरे नुकसान मला त्या क्षणी कळले. घरात बसवल्यामुळे मुलगी सुरक्षित होती, तिचे नुकसान मनाचे होते. जिवाचा धोका ज्याला पायाळू म्हटले नव्हते त्याला होता, कारण त्याच्यावर वीज पडणार नाही अशी घरादाराची खात्री होती आणि तो गडगडाटात उंच झाडाखाली, ओल्या दाव्याची गाठ सोडत उभा राहत होता. आजींचा नियम बरोबर होता, फक्त त्या नियमात एकाच माणसाचे नाव घातले होते.

मी हे सांगितले तेव्हा आजींनी रास्त प्रश्न केला. "मग काय समद्यांनीच घरात बसायचं व्हय? म्हशी कुणी सोडायच्या?"

याचे उत्तर पुस्तकात नसते. आम्ही तिघांनी, म्हणजे आजी, भाऊ आणि मी, असे ठरवले की वळवाच्या दिवसांत म्हशी दुपारनंतर चिंचेखाली बांधायच्याच नाहीत, गोठ्यात आणून ठेवायच्या. राहिल्याच, तर मोजणी 30 च्या आत आल्यावर त्यांच्यासाठी कुणीही बाहेर पडायचे नाही. भावाच्या फोनवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप घालून घेतले. आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देते. फोनवर वीज पडते का, हे भावाने विचारले. तसे होत नाही. मात्र चार्जिंगला लावलेला फोन त्या वेळी हाताळू नये, कारण तारांतून झटका येऊ शकतो. उघड्या शेतात अडकलोच तर झाडापासून आणि खांबापासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसायचे, आडवे पडायचे नाही, हेही सांगितले. जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून पसरतो. पाय फाकलेले असतील तर तो एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो, आणि पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यामुळेच झाडाखालच्या गुरांना तो अधिक घातक ठरतो. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला लगेच हात लावून मदत करता येते आणि 108 ला फोन करायचा, ही गोष्ट आजींना सर्वांत नवीन होती.

ती सारा वेळ दाराच्या चौकटीत उभी राहून ऐकत होती. पाय जुळवण्याचे सांगितले तेव्हा तिने खाली पाहून स्वतःची पावले जुळवली.

जानेवारीतील ठिणगी

ऑक्टोबरमध्ये फसलेला एक प्रयोग जानेवारीत साधला. टीव्हीच्या खोक्यातील थर्माकोलचा तुकडा लोकरीने घासायचा, प्लॅस्टिकच्या पेल्याची मूठ चिकटवलेली ॲल्युमिनियमची थाळी त्यावर ठेवायची, थाळीला क्षणभर बोट लावायचे, मग पेला धरून ती उचलायची आणि पुन्हा बोट जवळ न्यायचे. 'टक्' असा आवाज होऊन बारीक ठिणगी उडते. परतीच्या पावसात हवा इतकी दमट होती की थर्माकोलवर प्रभार टिकलाच नाही आणि मी वर्गासमोर वीस मिनिटे नुसतीच घासत बसले. जानेवारीच्या कोरड्या थंडीत खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला आणि त्यातल्याच एका घोंगडीच्या कोपऱ्याने थर्माकोल घासला. एकदा घासलेला तुकडा पुन्हा पुन्हा ठिणगी देतो, त्यामुळे 41 बोटांना रांगेने ठिणगी देता आली. तिचा क्रमांक आला तेव्हा रांग शांत झाली. तिलाही इतरांइतकीच, दोन-तीन मिलिमीटरची ठिणगी मिळाली आणि सिझरवाल्या मुलाने मोठ्याने जाहीर केले, "सेम हाय."

शास्त्राच्या कसोटीवर यातून काही सिद्ध होत नाही. थाळीची ठिणगी म्हणजे ढगातली वीज नव्हे आणि एका मुलीवर केलेला प्रयोग हा प्रयोगही नव्हे. हे मी वर्गाला त्या वेळी सांगितले नाही. सांगायला हवे होते की नाही, याबद्दल माझे मत अजून ठरत नाही.

एप्रिल

एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते आणि वळीव येतो दुपारी, तेव्हा मुले घरी असतात. म्हणून प्रत्येकाला नोंदवही दिली आणि शीतपेयाच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून दिले. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळे होते. तळ फुगीर असल्यामुळे त्यात खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरायचे आणि तिथे शून्याची रेघ मारायची. बाटली वळचणीखाली किंवा झाडाखाली ठेवायची नाही, हे दहादा सांगूनही चौघांनी ती पागोळीखालीच ठेवली आणि एकाने एका रात्रीत 300 मिलिमीटर पाऊस नोंदवला. हवामान विभाग 24 तासांत 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पडला तर त्याला अत्यंत मुसळधार म्हणतो, हे त्याला माहीत असल्यामुळे तो स्वतःच शेवटी संशयाने बाटली पाहू लागला.

तिची भीती गेलेली नाही. कडकडाट जवळ आला की ती अजूनही गोधडी डोक्यावरून घेते. फरक इतकाच की गोधडीच्या आत ती मोजत असते. कमरेला चमक भरलेले लोकही अजून येतात आणि ती पाय देते. एप्रिलमधील पहिल्या वळवाची तिची नोंद मी शुद्धलेखन न सुधारता उतरून घेतली आहे :

"4 वाजून 10 मि. जोतिबाकडे अंधार. पहिला आवाज 34 चांगभलं. मग 26. दादाला हाक मारली, आला. मग 11. आजी म्हणाली मोजू नको. मग 5. मग मोजायचं राहिलं. गारा हरबऱ्याएवढ्या. बाटलीत 9 मिमी. पण गारा बाहेर उडाल्या म्हणून कमी आलं असंल. एक म्हस चिंचेखालीच राहिली. कोण गेलं नाही. 6 वाजता आजीनं जाऊन आणली, भिजली होती."